डोळा तोच, नजर वेगळी

फायरिंग रेंजवर एक शब्द दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो: शिस्त. 'दुरुस्त शिस्त लो,' असं उस्ताद ओरडला की नवा मराठी रंगरूट गोंधळतो. आडवं झोपून, रायफल खांद्याला लावून आणखी कसली शिस्त पाळायची? फौजेतल्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. आपल्या जुन्या मराठीतही हा अर्थ होता, शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. पुढे मराठीत नेम मागे पडला आणि वळण तेवढं शिल्लक राहिलं.

हे आठवायचं कारण असं की खेळाडू पोरांमध्ये सध्या 'डोळ्यांच्या ट्रेनिंग'ची हवा आहे. मोबाईलवर पळते ठिपके पकडायचे ॲप, भिंतीवर लागणारे दिव्यांचे बोर्ड, काचा सेकंदाला अनेकदा काळ्या होऊन पुन्हा उघडणारे चष्मे. आमच्याकडच्या एका नेमबाज पोराने विचारलं, "साहेब, हप्त्यावर घेऊ का असा चष्मा? नजर तेज होते म्हणतात." घरी पैसे पाठवून जे उरतं त्यातून हा हप्ता जाणार होता, त्यामुळे हो किंवा नाही असं एका शब्दात सांगून मोकळं होणं बरं वाटेना. वाचायला बसलो तर हा प्रश्न शंभर वर्षं जुना निघाला.

सुरुवात अमेरिकेत, १९२१ साली. बेब रूथ हा बेसबॉलमधला त्या काळचा सर्वांत मोठा फटकेबाज. त्याला कोलंबिया विद्यापीठाच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊन तासन्‌तास तपासलं. दिवा लागला की बटण दाब, छिद्रात सळई घाल, क्षणभर दाखवलेली अक्षरं सांग, असल्या चाचण्या. निष्कर्ष छापून आला की रूथचे डोळे सरासरी माणसापेक्षा सुमारे १२ टक्के जलद चालतात. लोकांना हे फार आवडलं. आवडणारच, कारण त्यामुळे कोडं सुटल्यासारखं झालं: मोठ्या खेळाडूचा डोळाच वेगळा असतो. आणि डोळा वेगळा असेल तर तो व्यायामाने तसा करताही येईल, ही पुढची पायरी लोकांनी आपोआप चढली. अवघ्या एका माणसाच्या चाचणीवर केवढी इमारत उभी राहिली, हे आज पाहिलं की गंमत वाटते. तरी आजच्या चष्म्यांची जाहिरात अजून त्याच पायावर उभी आहे.

त्यानंतरचा टप्पा खेळाचा नव्हे, लढाईचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे तोफेवरच्या माणसाला क्षणात ठरवावं लागे. आधी शिकवण्याची पद्धत अवयवांची होती: पंख पाहा, इंजिनं मोजा, धड पाहा, शेपटी पाहा. एवढं सगळं होईपर्यंत विमान डोक्यावरून निघून गेलेलं असे. ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल रेनशॉ यांनी १९४२ मध्ये अमेरिकन नौदलासाठी वेगळी पद्धत आणली. पडद्यावर विमानाचं चित्र सेकंदाचा काही अंश, अगदी शंभराव्या भागापर्यंत, चमकवायचं आणि विचारायचं, कोणतं? अवयव मोजायचे नाहीत, आकार एकसंध ओळखायचा, ओळखीचा चेहरा ओळखतो तसा. चित्र क्षणभर दाखवणाऱ्या या यंत्राला टॅकिस्टोस्कोप म्हणतात. नौदलाने विद्यापीठातच ओळख-शाळा काढली आणि तिथून तयार झालेले अधिकारी जहाजांवर शिकवायला गेले.

यात किती काही पणाला लागलेलं होतं, ते ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीत दिसलं. अमेरिकेची १४४ वाहतूक विमानं पॅराट्रूपर घेऊन येत होती. थोड्याच वेळापूर्वी शत्रूचा हवाई हल्ला होऊन गेला होता, किनाऱ्यावरचे आणि जहाजांवरचे तोफखाने तापलेले होते. एका तोफेने सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच. २३ विमानं आपल्याच माणसांनी पाडली. आकार ओळखण्याचा सराव कितीही केला तरी अंधार, भीती आणि शेजारच्या तोफेचा आवाज यांच्यापुढे तो टिकेलच असं नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

रेनशॉंच्या पद्धतीचं खरं मूल्यमापन हवाई दलात काम करणाऱ्या जेम्स गिब्सन यांच्या गटाने केलं. दृष्टीच्या अभ्यासात गिब्सन हे नाव नंतर फार मोठं झालं. त्यांना आढळलं की झटपट चमकवण्यात विशेष जादू नाही. चित्र जास्त वेळ दाखवून, या विमानाला त्या विमानापासून वेगळं करणारी नेमकी खूण कोणती हे नीट शिकवलं, तरी पोरं तितकीच तयार होतात. म्हणजे यंत्राने कुणाचा डोळा जलद केला नव्हता. हजारो विमानं पाहून 'काय पाहायचं' ते कळलं होतं. पण युद्ध संपल्यावर हा निष्कर्ष अहवालात पडून राहिला आणि यंत्र मात्र शाळाशाळांत गेलं, मुलांचं वाचन वेगवान करायला. यंत्र विकता येतं, निष्कर्ष विकता येत नाही.

आता आपल्या ओळखीच्या मैदानावर येऊ.

ताशी १४५ किलोमीटरने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. टप्पा पडल्यावर उरतो तो याहून कितीतरी कमी वेळ. मग मोठे फलंदाज खेळतात कसे? रूथच्या तर्काने त्यांची प्रतिक्रियाच जलद असली पाहिजे. ऑक्सफर्डच्या पीटर मॅक्लिओड यांनी १९८७ मध्ये ही गोष्ट तपासली, तीही फार देशी पद्धतीने. मॅटिंगच्या खाली अर्धगोल लाकडी पट्ट्या ठेवल्या. चेंडू पट्टीच्या कोणत्या बाजूला पडेल त्यावर तो आत किंवा बाहेर वळणार, आणि ते आधी कळायला काही मार्ग नाही. आपल्याकडे गावोगावच्या मॅटवर खाली खडा राहिला की जे होतं तेच, फक्त मुद्दाम केलेलं. इंग्लंडकडून खेळलेले फलंदाज आणून त्यांना यावर खेळवलं. चेंडू वळल्यापासून बॅटची दिशा बदलायला त्यांना सुमारे ०.२ सेकंद लागला. सामान्य माणसालाही तेवढाच लागतो. जिथे आधीची ओळख उपयोगी पडणार नाही अशी परिस्थिती केली, की कसोटी खेळाडू आणि आपण एका रांगेत.

मग फरक कुठे आहे? मॅक्लिओड आणि मायकेल लँड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोक्यावर डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा बसवला. 'चेंडूवरची नजर हटवू नको' असं आपल्या प्रत्येक गुरुजींनी सांगितलेलं आहे. कॅमेऱ्याने दाखवलं की चांगला फलंदाज नेमकं हेच करत नाही. चेंडू सुटताना तो पाहतो, मग चेंडूला हवेत सोडून देतो आणि नजर थेट टप्पा पडणार त्या जागेवर उडी मारते. चेंडू तिथे पोचायच्या आत नजर तिथे जाऊन थांबलेली असते. टप्प्यानंतर थोडा वेळ पुन्हा चेंडू, आणि बस. कच्च्या खेळाडूची नजरही उडी मारते, पण उशिरा. पक्क्याची उडी लवकर, कारण सुटण्याच्या पहिल्या क्षणांतच त्याला कळलेलं असतं की चेंडू कुठे पडणार. हे कळणं बुबुळात नसतं, हजारो चेंडू खेळून आलेलं असतं.

बुबुळाचा मुद्दा कायमचा निकालात काढणारा माणूस आपल्याच देशात होऊन गेला. १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमध्ये होव्ह इथे मोटारीच्या अपघातात मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्यात काच गेली. वय वीस. त्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. सुरुवातीला जगमधून ग्लासात पाणी ओतायला गेले तर पाणी टेबलावर पडायचं, कारण जवळच्या वस्तूचं अंतर कळायला दोन डोळे लागतात. काँटॅक्ट लेन्स घातली की एकाचे दोन चेंडू दिसत. त्यातला आतल्या बाजूचा खेळायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. नंतर टोपी उजव्या डोळ्यावर ओढून एकाच डोळ्याने खेळू लागले. डिसेंबर १९६१ मध्ये दिल्लीत कसोटी पदार्पण, जानेवारीत मद्रासला १०३, मार्चमध्ये नरी कॉन्ट्रॅक्टर जायबंदी झाल्यावर ब्रिजटाउनला २१ व्या वर्षी भारताचे कर्णधार. ४६ कसोटी, २७९३ धावा, १९६४ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३. यातली एकही धाव अपघाताआधीची नाही.

दोन डोळ्यांचे पतौडी किती मोठे झाले असते, ही हळहळ मीही वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलोय. ती खरीच आहे, डोळा जाणं म्हणजे नुकसानच. पण कोलंबियाच्या प्रयोगशाळेत बसवलं असतं तर ते पहिल्याच चाचणीत नापास झाले असते, हेही तितकंच खरं.

फौजी म्हटल्यावर ध्यानचंदांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२२ मध्ये सोळाव्या वर्षी शिपाई म्हणून भरती. ड्यूटी संपल्यावर चांदण्यात सराव करत म्हणून 'चंद' झाले, ही कथा प्रत्येक पलटणीत सांगतात. ॲमस्टरडॅम, लॉस एंजेलिस, बर्लिन अशी तीन सुवर्णपदकं. चांदण्यात चेंडू दिसतो म्हणजे डोळे मांजराचे असले पाहिजेत, असं आम्ही लहानपणी म्हणायचो. त्यांच्याबरोबर खेळलेले केशव दत्त मात्र वेगळं सांगत: खरी कला खांद्याच्या वर, डोक्यात होती, बुद्धिबळपटू पट पाहतो तसं ते मैदान पाहत. ही उपमा केशव दत्तांना सहज सुचली असेल, पण ती शास्त्राच्या अगदी जवळ जाते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळाचा पट काही सेकंद दाखवून मोहरी पुन्हा मांडायला लावली. खऱ्या डावातला पट असेल तर कसलेल्या खेळाडूला बरीचशी मोहरी जागच्या जागी आठवत, नवशिक्याला चार-दोन. तीच मोहरी पटावर कशीही विखुरली की कसलेल्याचा फायदा जवळपास संपला. बारकाईने दिसणं दोघांचं सारखंच. अर्थ असलेलं चित्र एकाला वाचता येत होतं, दुसऱ्याला नाही.

तर मग डोळ्यांच्या व्यायामाचा काहीच उपयोग नाही का? १९७० च्या दशकापासून अमेरिकेत चष्म्याच्या डॉक्टरांनी 'स्पोर्ट्स व्हिजन' नावाची शाखाच उभी केली, तेव्हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ऑस्ट्रेलियात ब्रूस ॲबरनेथी आणि जोआन वुड यांनी २००१ मध्ये त्यावर सरळ प्रयोग प्रसिद्ध केला. चार गट केले. दोन गटांना बाजारात मिळणारे डोळ्यांच्या व्यायामाचे दोन वेगवेगळे कार्यक्रम चार आठवडे दिले. तिसऱ्याला टेनिसबद्दल वाचायला आणि सामने पाहायला दिले. चौथ्याला फक्त प्रत्यक्ष खेळाचा सराव. शेवटी डोळ्यांच्या चाचण्या आणि टेनिसचा फोरहँड दोन्ही तपासले. व्यायामवाल्या गटांना इतरांपेक्षा जास्त असं काही मिळालं नव्हतं. चाचण्यांतले गुण थोडेफार वाढले ते सगळ्यांचेच, कारण दुसऱ्यांदा दिलेली परीक्षा सोपी जाते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाच्या बेसबॉल संघाला संगणकावर दृष्टीचा सराव दिला, २५ मिनिटांची एक अशी ३० सत्रं. त्यांची दृष्टीची तीक्ष्णता सरासरी ३१ टक्क्यांनी वाढली आणि त्या मोसमात संघ कमी वेळा बाद झाला. आकडा मोठा आहे. पण तुलनेसाठी घेतलेले खेळाडू तसाच दुसरा काही सराव करत नव्हते, त्यामुळे संघ सुधारला तो यानेच की इतर कशाने, हे ठामपणे सांगता येत नाही. मला वाटतं मेंदूला फिकट रेषा ओळखायची सवय लावता येते, एवढं यातून धरायला हरकत नाही. त्यासाठी हप्ते भरावेत इतका पुरावा मला दिसला नाही. त्याआधी साध्या चष्म्याचा नंबर तरी तपासून घ्यावा. आमच्याकडे मेडिकल कॅटेगरी खाली जाईल या भीतीने डोळ्यांचा तक्ता पाठ करून जाणारे महाभाग आहेत आणि तेच लुकलुकत्या चष्म्याची चौकशी करतात.

या सगळ्यातून शिकवता येण्यासारखी गोष्ट काढली ती कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी. बास्केटबॉलचा फ्री थ्रो टाकताना खेळाडू कुठे पाहतात, हे त्यांनी १९९६ मध्ये मोजलं. हात हलायला सुरुवात होण्याआधी पक्क्या खेळाडूची नजर रिंगवरच्या एका बिंदूवर जाऊन थोडी जास्त वेळ थांबते. कच्च्याची भिरभिरते किंवा उशिरा थांबते. या थांबण्याला त्यांनी नाव दिलं 'क्वाएट आय', म्हणजे शांत नजर. आपल्याकडे पक्ष्याचा फक्त डोळा दिसतो म्हणणाऱ्या अर्जुनाची गोष्ट पाचवीतल्या मुलालाही माहीत असते, पण थांबायचं कधी आणि किती, हे त्या गोष्टीत नाही. व्हिकर्स यांनी ते मोजलं आणि मग शिकवलं. एका महिला विद्यापीठ संघाचे फ्री थ्रो दोन मोसमांत ५४ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर गेले. डोळ्यांना कसलाही व्यायाम नाही. बघ इथे, इतका वेळ, मग टाक.

नेमबाजीत हे आणखी स्पष्ट दिसतं. उडत्या मातीच्या थाळ्या फोडणाऱ्या शॉटगनच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजांवर ब्रिटनमध्ये २०१० च्या सुमारास प्रयोग झाले. वरच्या दर्जाच्या नेमबाजांची नजर थाळीवर लवकर बसते, जास्त वेळ टिकते आणि बंदूक कमी हलते. स्कीटच्या नेमबाजांना आठ आठवडे याचं शिक्षण दिल्यावर त्यांची नजर आणि गुण दोन्ही सुधारले. आमचे सुभेदार विजय कुमार, डोग्रा रेजिमेंटचे, महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झालेले. २०१२ मध्ये लंडनला त्यांनी रौप्य जिंकलं तो प्रकार २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलाचा. शेजारी शेजारी पाच टार्गेटं, पाच गोळ्या, आणि वेळ आधी ८, मग ६, मग ४ सेकंद. चार सेकंदांत पाच वेळा नजर आणि पिस्तूल एका रेषेत आणायचं. हात उचलण्याचा वेळ त्यातच. इथे भिरभिरणाऱ्या नजरेला जागाच नाही.

एक गुंता आहे, तो आमच्या धंद्याचा. रायफलच्या लोखंडी साइटने दूरचा नेम धरताना डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट तिन्ही लख्ख दिसणं अशक्य. म्हणून फोरसाइटची टोक स्वच्छ, टार्गेट किंचित धूसर, असं आम्ही शिकवतो आणि ते बरोबर आहे. पण हीच सवय दुसरीकडे घातक ठरते. व्हिकर्स आणि बिल लेविन्स्की यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोलिसांसमोर प्रसंग उभा केला. काउंटरशी वाद घालणारा माणूस एकदम वळतो. कधी त्याच्या हातात पिस्तूल असतं, कधी मोबाईल. निष्णात पथकातल्यांची नजर त्या माणसावर आणि त्याच्या हातावर टिकून राहिली. नवशिक्यांनी शेवटच्या क्षणी बहुतेक वेळा नजर काढून स्वतःच्या पिस्तुलाच्या साइटवर आणली, रेंजवर शिकवल्याप्रमाणे. निष्णातांचे ७५ टक्के नेम लागले, नवशिक्यांचे ५४. याहून वाईट आकडा मोबाईलचा. मोबाईल काढणाऱ्यावर निष्णातांनी १८ टक्के वेळा गोळी झाडली, नवशिक्यांनी ६१ टक्के वेळा.

सिसिलीच्या तोफेवरचा माणूस आणि हा नवशिका यांची दृष्टी डॉक्टरांच्या तक्त्यावर उत्तमच असणार.

व्हिकर्स यांची सूचना होती की क्रम उलटा शिकवा: आधी नजर समोरच्यावर पक्की, मग शस्त्र त्या नजरेच्या रेषेत वर आणा. त्या पोराला चष्मा घेऊ नको म्हणून सांगितलं आणि त्याच आठवड्यात आम्ही काही फिगर टार्गेटच्या हातांवर चित्रं चिकटवली. एकाच्या हातात पिस्तूल, एकाच्या टॉर्च, दोघांच्या मोबाईल, एकाच्या नुसती पाण्याची बाटली. रिकामं शस्त्र, टार्गेट एकदम वळतं, मारायचं की नाही ते मोठ्याने सांगायचं. पहिल्या दिवशी बाटलीवाला चार वेळा मेला. पावसात कागद टिकेना, म्हणून कॅन्टीनशेजारच्या दुकानातून चित्रं लॅमिनेट करून आणली आहेत.